मुलुंड ते मनोरी : एक टकटक आणि बरंचसं अवांतर

मला एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून टाकते. दिवाळीच्या आधी नोकरी सोडली आणि तेव्हापासून तर फारच. घरातली तीन स्टुलं रंगवून झाली, माळा दोनदा आवरून झाला, शेजारणीचा मिक्सर तिने न सांगता उघडून झाला. मग मी जीपच्या मागे लागले.

जीप बाबांची आहे. बाबा सरकारी कचेरीत ड्रायव्हर होते. साहेब बदलत गेले, जीप तीच राहिली. ती लिलावात निघाली तेव्हा बाबांनीच घेतली आणि मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला आणून उभी केली. जुनं पेट्रोल इंजिन, दर रविवारी धुणं, महिन्यातून एकदा ऐरोलीपर्यंत फेरी. दिवाळीपासून त्या इंजिनातून टकटक असा आवाज यायला लागला. गाडी नुसती उभी असताना स्पष्ट, वेग घेतला की इतर गलक्यात बुडून जाणारा.

मी जुन्या गाड्यावाल्यांच्या एका गटात आहे. आमच्याकडे आवाज ऐकला की आधी इंजिन उतरवायचं ठरतं, कारण नंतर शोधतात. मी आवाज रेकॉर्ड करून टाकला. घाटकोपरला गॅरेज असलेल्या सावंतांनी जीप आणायला सांगितली आणि लोखंडी सळी इंजिनला टेकवून, दुसरं टोक कानाला लावून निकाल दिला, ‘‘बेरिंग गेलं गो बाय. ह्या इंजिनात आता जीव नाय.’’ अंधेरीच्या गिरीशने त्याच संध्याकाळी मनोरीतलं एक डिझेल इंजिन शोधून काढलं. बघायला, पटलं तर ठरवायला शनिवारी दुपारी बारापर्यंत या, असा निरोप आला.

इंजिन बदलायचं असेल तर लक्षात ठेवा, नुसतं बसवून भागत नाही. आरटीओची परवानगी लागते, आरसी बुकात नव्या इंजिनाचा नंबर चढवावा लागतो. जीप बाबांच्या नावावर, त्यामुळे अर्जावर सही त्यांची. मला वाटलं होतं चिडतील, निदान काही विचारतील. त्यांनी चष्मा लावला, सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, ‘‘भाकरी टाकू का तुझी?’’

त्या सहीने मला फार त्रास दिला. नको म्हणाले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं. पण त्यांना ते इंजिन जाऊ द्यायचं होतं की नव्हतं, हेच कळेना. म्हणून म्हटलं, बाबा, तुम्हीही चला मनोरीला. ते लगेच तयार झाले.

जानेवारीतला शनिवार, सकाळी सहा. मुलुंडमध्ये चक्क स्वेटर घालण्याइतकी थंडी होती. मी स्टिअरिंगवर, बाबा शेजारी, मांडीवर पुठ्ठ्याची फाइल. फाइलीत तो अर्ज. एलबीएस रोड साडेसहाच्या आत गाठलात तर घाटकोपर वीस मिनिटांत येतं. नंतर निघालात तर तुमचं तुम्ही बघा. सावंत गॅरेजच्या दारात पान्यांची पेटी घेऊनच उभे होते. ते मागच्या बाकावर चढले आणि चढता चढता म्हणाले, ‘‘ऐकतंस मा? त्या दिवसापेक्षा वाढला हा आवाज.’’

तो वाढला नव्हता, पण मला लगेच वाढल्यासारखा वाटायला लागला.

घाटकोपर-अंधेरी लिंक रोडवर साकीनाक्यापर्यंत सकाळीसुद्धा रेटारेटी असते. वर मेट्रो सरकत जाते, खाली आपण क्लच दाबून बसतो. प्रत्येक सिग्नलला जीप थांबली की टकटक ऐकू यायची आणि सावंत मागून जीभ चुकचुकवायचे. अंधेरीला गिरीश मिळाला. कंप्युटरवाला आहे, पण जीव सगळा गाड्यांत आणि गेल्या वर्षापासून पावात. घरी आंबवून पाव भाजतो. त्याने आल्या आल्या फडक्यात गुंडाळलेला गरम पाव पुढे केला आणि विषय काढला, ‘‘गिअरबॉक्सची जुळणी कशी करायची, सावंत?’’

मग बोरिवलीपर्यंत हायवेवर मागच्या बाकावर तेच चाललं होतं. गिअरबॉक्स जोडायची पट्टी कापायची की नवी बनवायची, रेडिएटर मोठा लागेल का, वजनाने पुढच्या स्प्रिंगांचे पाटे दबतील का. मीही आरशात बघत मोठ्याने भाग घेत होते. बाबा पाव खात समोर बघत होते. जोगेश्वरीच्या पुलाखाली त्यांनी एकदाच तोंड उघडलं, ‘‘डावीकडे ये, टँकर आहे मागे.’’ मी आरशात पाहिलं तर खरंच टँकर होता.

बोरिवलीला सर्व्हिस रोडवर एका टपरीपाशी थांबलो. इथला कटिंग चांगला असतो, आलं ठेचून घालतो, वडापावही ताजा. नाश्ता इथेच उरकून घ्या, पुढे भाईंदर ओलांडेपर्यंत थांबायला धड जागा नाही.

आता आमच्या गटाचा एक नियम सांगायला हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर गाडीशिवाय दुसरं काही लिहायचं असेल तर आधी ‘अवांतर’ असं लिहावं लागतं. गिरीशचे पाव, सावंतांचं भजन, कुणाची मांजर, सगळं अवांतर. प्रत्यक्ष भेटलो तरी पहिल्या चहापर्यंत फक्त इंजिन. कप खाली ठेवला की अवांतर सुरू. सावंतांनी कप ठेवला, भजनाच्या डबलबारीत समोरच्या बुवाची कशी वाट लावली ते रंगवून सांगितलं आणि बाबांकडे वळले. ‘‘काका, तुमचा काय छंद?’’

‘‘ड्रायव्हरला कसला छंद,’’ बाबा म्हणाले. ‘‘साहेब आत, आम्ही बाहेर. चार-चार तास.’’

‘‘मग काय करायचात?’’

बाबा जरा लाजले. ‘‘आम्ही चार-पाच ड्रायव्हर रस्त्याकडे पाठ करून बसायचो. मागून गाडी आली की वळून न बघता ओळखायची. चुकेल तो चहा आणणार.’’

‘‘तुम्ही किती वेळा आणलात?’’ गिरीशने विचारलं.

‘‘सुरुवातीला आणला.’’

एवढं ऐकल्यावर गिरीश कसला सोडतोय! त्याने बाबांचं स्टूल फिरवून हायवेकडे पाठ करून ठेवलं. बाबांनी डोळे मिटले. ‘‘एसटी,’’ ते म्हणाले, आणि एसटी गेली. ‘‘रिक्षा. सायलेन्सर फुटलाय.’’ रिक्षा गेली, फटफटत. ‘‘टेम्पो, रिकामा. मागची फळी नीट लावलेली नाही.’’ टेम्पो गेला आणि फळी लोंबकळताना आम्ही तिघांनी पाहिली. सावंतांनी टाळी दिली. टपरीवाला भजी तळायचं सोडून बघायला आला. मी या माणसाची एकेचाळीस वर्षं मुलगी आहे आणि मला यातलं काही ठाऊक नव्हतं. अभिमान वाटला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम.

गिरीश हसत हसत म्हणाला, ‘‘काका, आता आपल्या जीपचा आवाज ओळखा बघू.’’

बाबांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं. ‘‘सांगू?’’

‘‘सांगा ना.’’

‘‘पंप आहे. पेट्रोलचा पंप. त्याच्या दांडीची स्प्रिंग गेलीय. दिवाळीपासून.’’

मग सावंतांचा चेहरा बदलला. ‘‘काका, एसटी ओळखणं वेगळं. मी सळी लावून ऐकलंय.’’

‘‘पंप इंजिनलाच बोल्ट केलेला असतो,’’ बाबा शांतपणे म्हणाले. ‘‘सळीतून तोही ऐकू येणार.’’

‘‘अहो, तीस वर्षं इंजिनं खोलतोय मी!’’

‘‘हो, हो. तुम्ही म्हणता तसंही असेल.’’ बाबांनी कप उचलून टपरीवाल्याला परत दिला आणि जीपमध्ये जाऊन बसले.

तिथून मनोरीपर्यंतचा प्रवास मी कसा केला विचारू नका. दहिसर नाक्यावर हल्ली आपल्यासारख्या गाड्यांना टोल नाही, काशीमिऱ्याला डावीकडे वळायचं, भाईंदर पश्चिमेला गेलं की उत्तनचा रस्ता लागतो. मालाडहून मार्वेच्या होडीने दहा मिनिटांत मनोरी येते, पण होडीत माणसं आणि दुचाक्या जातात, जीप नाही. उत्तनच्या रस्त्याला दोन्हीकडे मिठागरं आहेत, मिठाचे पांढरे ढीग, मग तिवरं, मग घराघरांपुढे वाळत घातलेले बोंबील. फार सुंदर रस्ता आहे. मी त्यातलं निम्मंसुद्धा पाहिलं नाही. माझा कान त्या टकटकीत होता. पंप की बेरिंग? सावंत चुकले तर चांगलंच. पण बाबा चुकले तर? चार माणसांत त्यांनी पहिल्यांदा काही सांगितलं आणि तेच खोटं ठरलं तर ते पुन्हा कधीच काही सांगणार नाहीत, याची मला खात्री होती. इंजिन जाईल याची भीती मागे पडली, ही मोठी झाली. गोराईच्या वळणावर मी गिअर चुकवला आणि चौघेही पुढे आपटलो.

मनोरीत इंजिनाचे मालक डॉमनिक अंकल वाट बघत होते. गावठाणात कौलारू घर, मागे माडांखाली फळ्यांवर ठेवलेलं ते डिझेल इंजिन, वर ताडपत्री. त्यांनी ताडपत्री काढली. इंजिन झकास होतं, खोटं कशाला बोलू. सावंत त्याच्याभोवती फिरले, हात फिरवला आणि एकदम थांबले. जीपकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. बाबा दूर उभं राहून माड बघत होते.

‘‘गो, पंप काढून बघूया,’’ सावंत म्हणाले. ‘‘माझ्या जिवाक लागलाय आता.’’

रीत साधी आहे. जुनं पेट्रोल इंजिन असेल तर तुम्हालाही उपयोगी पडेल, पण जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. पंप दोन बोल्टांवर बसतो. तो काढला, पेट्रोलची बाटली सलाईनसारखी वर टांगून नळी थेट कार्ब्युरेटरला दिली, तर इंजिन पंपाशिवाय दोन-चार मिनिटं चालतं. आवाज राहिला तर इंजिनाचा, गेला तर पंपाचा. फक्त पंपाच्या जागी भोक पडतं, तिथून तेल उडतं. ते बुजवायला पत्रा अंकलकडे होता, पण पत्र्याखाली पुठ्ठा लागतो.

सावंतांनी इकडेतिकडे पाहिलं. बाबांनी फाइल पुढे केली.

‘‘काका, त्यात अर्ज आहे.’’

‘‘अर्ज काढून घ्या. पुठ्ठा जाड आहे.’’

सावंतांनी फाइलीच्या पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढला, कात्रीने कापला, पत्र्याखाली बसवला. गिरीश जीपच्या बॉनेटजवळ बाटली उंच धरून उभा राहिला. मी आत बसले. चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं. नुसतं घुमत राहिलं, एकसारखं, लहानपणी बाबा जीप घेऊन आले की शाळेच्या फाटकापाशी ऐकू यायचं तसं. टकटक नव्हती. सावंतांनी सळी लावली, काढली, पुन्हा लावली. मग सळी खाली टाकून ते सरळ बाबांकडे गेले आणि वाकले. बाबा दोन पावलं मागे सरकले. ‘‘अहो, काय करताय, सावंत!’’

‘‘काका, मी आज बेरिंग फेकून दिलं असतं तुमचं. चांगलं बेरिंग.’’

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. गिरीशला वाटलं पेट्रोलचा वास लागला.

पंप उघडला तर स्प्रिंग खरंच तुटलेली होती. अंकलच्या डब्यात मापाची एक सापडली, ती घालून पंप परत बसवला. अंकल मात्र वैतागले होते. आमच्यासाठी त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं होतं. तेव्हा गिरीश म्हणाला, ‘‘मी घेतो.’’ कुठल्या गाडीसाठी, असं आम्ही तिघांनी विचारलं. ‘‘बघू ना यार, गाडी मिळेल.’’ अंकल खूश झाले, जेवायला थांबवून घेतलं. बांगडा आणि तांदळाची भाकरी. मनोरीला गेलात तर कुणाच्या तरी घरी जेवा, जमलं तर.

परतताना दोघांना सोडलं आणि एलबीएस रोडवरच्या एका सिग्नलला मी बाबांना विचारलं, ‘‘तुम्हाला दिवाळीपासून माहीत होतं. बोलला का नाहीत? सही का केलीत?’’

‘‘मागे बोलणं चाललेलं असलं की ड्रायव्हरने तोंड घालायचं नसतं. विचारलं तरच सांगायचं.’’

‘‘पण ड्रायव्हर तर मी होते, बाबा.’’

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘आणि तुला नवं इंजिन हवंय असं वाटलं. तुला काहीतरी बदलायचंय, एवढं दिसत होतं.’’

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला.

या गोष्टीला दोन महिने झाले. जीप ठणठणीत आहे. गिरीशच्या बाल्कनीत पावाची भट्टी आणि एक बिनगाडीचं इंजिन आहे. सावंत आता आवाज रेकॉर्ड करून आधी बाबांना पाठवतात. बाबांनी फोनला लावायला छोटा स्पीकर घेतलाय. पण मला आठवत राहते ती त्याच संध्याकाळची गोष्ट. घरी पोचलो, मी चप्पलसुद्धा न काढता पुन्हा माळ्याला शिडी लावायला निघाले होते. बाबा खुर्चीत बसून होते.

‘‘प्रज्ञा, शिडी ठेव. तीन महिने ऐकतोय. नळ उघडतेस, बंद करतेस. कपाट उघडतेस, बंद करतेस. गाडीचं कळलं. तुझं काय वाजतंय?’’

मला इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी शिडी ठेवली, चहा टाकला आणि त्यांच्या समोर बसले. दीड तास बोलले. ते काय, ते गटाच्या नियमाप्रमाणे अवांतर आहे, म्हणून इथे लिहीत नाही.