खंडेनवमीची गिअरवाली सायकल

घाबरले म्हणे! मी?... माझा धाकटा भाऊ वासू, त्यानं काल इथं ग्रुपवर एक जुना फोटो टाकला. माझा हात गळ्यात बांधलेला, बाजूला गिअरवाली सायकल. खाली लिहिलंय, 'अक्का उताराला घाबरली आणि पडली.' आणि त्याच्या बायकोच्या माहेरचेसुद्धा खाली हसताहेत.

वासू, तू तेव्हा घरी झोपला होतास. डोंगरावर मी होते. आता मी सांगते, तू गप वाच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी... ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. चिकपेटला आमच्या वडिलांचं, अप्पांचं, शिंप्याचं दुकान. मी सातवीत शाळा सोडून काजं-बटणं करायला बसले. डोंगरात सायकलच्या रेस करणारी पोरं आमच्याकडं जर्सी शिवायला यायची. त्यातला एकजण दुबईला चालला, त्याची सायकल मी घेतली. घेतली ब्लाउज पोचवायला म्हणून, आणि दर रविवारी त्या पोरांच्या मागं डोंगर चढायला लागले.

आई म्हणायची, "स्वल्प हळू जात जा गं." हळूच जायचं तर चालत गेले असते की.

माझी पहिली रेस दसऱ्याला होती, कनकपुऱ्याच्या वाटेवरच्या एका डोंगरात. बायकांची वेगळी ठेवलेली, आम्ही मूठभरच. वर्षभर मी त्या एका दिवसासाठी घाम गाळला होता. मला पहिलं यायचं होतं. दुसरं काही नको होतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी मशिनी, कात्र्या, इस्त्री, सगळं पुसून पूजेला बसतं. दसऱ्याला पूजा उठेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. आईनं माझी सायकलही मशिनींच्या रांगेत बसवली. हँडलला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू... दिसत होती मात्र छान.

पहाटे अप्पांनी पूजा उठवली. मी अंधारातच सायकल टेंपोत टाकली आणि निघाले.

चढ असा गेला की विचारू नका. वर पोचले तर माझ्यापुढं कुणीच नाही. नुसतं धुकं... खाली रागीची शेतं त्यात बुडालेली, निलगिरीचा वास, आणि मधेच हत्ती बसल्यासारखे काळे खडक.

उतार लागला. ब्रेक दाबला... काही नाही. परत दाबला. साबणावरनं हात घसरावा तसं रबर चाकावरनं घसरत होतं.

घाबरायला वेळ कुठं होता रे? सगळे आवाज बंद झाले. झाडं लांब लांब होत मागं जायला लागली. कुणीतरी पांढऱ्या मलमलीचा तागा डोंगरावरनं सोडून दिलाय आणि त्याच्याबरोबर मीही उलगडत चाललेय, असं वाटलं... हात, पाय, सायकल, काही वेगळं राहिलं नाही. अजूनही झोप लागता लागता तो उतार येतो. आणि संपतच नाही.

तेव्हा मात्र संपला. वळण आलं आणि मी सरळ रागीत. हात मोडला.

पडल्या पडल्या नाकाला एक वास आला. निलगिरीचा नव्हे, ओळखीचा, घरचा. चाकाच्या रिमला बोट लावून बघितलं... दुकानातलं मशीनचं तेल! पूजेसाठी आईनं मशिनींबरोबर सायकलही चकचकीत केली होती. चेन तर चेन, रिमसकट. ब्रेकचं रबर नेमकं जिथं धरतं, तिथं अंमळ जास्तच मायेनं.

एकेक बाई माझ्यासमोरनं पुढं गेली. मी रडले, पण हातासाठी नाही. एका हातानं सायकल ढकलत खाली आले तेव्हा रेसचा मांडव सोडायला घेतला होता.

घरी जाऊन आईला फैलावर घ्यायचं, हे ठरवलेलंच होतं. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे. ती दारातच उभी. हात बघून रडली... मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "पण सायकल नीट पळाली ना गं? तेल घातलं होतं मी."

तोंडाशी आलेलं सगळं गिळलं. म्हटलं, "लई पळाली. थांबतच नव्हती."

काय खूश झाली ती!

झालं... पुढच्या दसऱ्याला परत तेल. त्याच्या पुढच्याही. पूजा उठली की मी गल्लीच्या टोकाला जाऊन रॉकेलच्या चिंधीनं रिम पुसायची आणि मग रेसला जायची. कधी पंक्चर, कधी चेन तुटली. पहिली मी कधीच आले नाही. एकदा तिसरी आले, बक्षीस हॉटकेस. आई तो उघडून गल्लीभर दाखवत सुटली, "तेलाचा गुण हो!"

यंदा संक्रांतीनंतर आई गेली. म्हणून आज बोलले. नाहीतर घाबरट म्हणवून घेतलं असतं आणखी काही वर्षं.

वासू, ती सायकल तू व्हाइटफील्डच्या फ्लॅटमध्ये शोपीस म्हणून भिंतीला टांगली आहेस. टायर वाळून गेलेत, बघितलंय मी. उतरव ती. आईशिवायची ही पहिली खंडेनवमी, सायकल चिकपेटला मशिनींच्या रांगेत बसली पाहिजे. तेल मी लावणार, रिमसकट. दसऱ्याला त्या डोंगरावर घेऊन जाणार. पुसायचं की नाही ते वर गेल्यावर बघू...

आणून देतोस, की मी येऊन काढू? बुधवारपर्यंत उत्तर पाहिजे. फोनवर नको, इथंच, त्या फोटोच्या खाली, सगळ्यांसमोर. कबूल म्हणून 'सरी अक्का' एवढं लिहिलंस तरी पुरे.