पाच नावांत न बसलेली सत्यशीला

तुम्ही दिवसभर जे काम करता, त्याच्यावर नाव तुमचंच आहे, याची खात्री आहे तुम्हाला? घाईनं हो म्हणू नका. सत्यशीलाही म्हणाली असती.

सत्यशीला पाचोडकडची. घर मेंढपाळांचं, बाप अजून मेंढरं घेऊन हिंडतो. ही पोरगी शहरात येऊन मुकुंदवाडीत माझ्याच गल्लीत खोली करून राहिली, फोनवर व्हिडिओ बघून सॉफ्टवेअर तपासायला शिकली आणि किराणा दुकानाच्या वर थाटलेल्या एका छोट्या कंपनीत लागली. दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधायच्या, लिहून ठेवायच्या, दुरुस्त होईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही, हे तिचं काम. मी कामगारांसाठी भांडणारी बाई, माझं शिक्षण रस्त्यावरचं. चिवट माणूस मला लांबून कळतो. पुढं तिनं मावसभाऊ कृष्णालाही तिथंच चिकटवलं.

टीममधले सगळे चुका आधी व्हॉट्सॲपवर लिहायचे. त्या गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडल्या जायच्या. मालक काकासाहेब म्हणाले, "सत्यशीला, चुका नोंदवायला एखादं फुकटातलं साधन बघ. पण फुकट म्हणजे फुकटच! महिन्यानं हात पसरणारं नको."

तिनं जीव लावून शोधलं. एक लई देखणं, पण तिच्या जुन्या फोनवर उघडेपर्यंत चहा निवायचा. दुसऱ्यात आपलीच माहिती बाहेर काढायला पैसे. एक मात्र तिला मनापासून आवडलं: आपल्याच सर्व्हरवर बसवायचं, माणसं कितीही घ्या. काकासाहेबांनी उडवून लावलं, "आन् तो सर्व्हर बंद पडला तर राखणीला तुझा बाप बसणार का?"

"बसंल की. कुत्रं पण आणंल," ती म्हणाली. सगळे हसले, पण ते साधन गेलंच. शेवटी ठरलं ते सोपं होतं, मराठीत लिहू देणारं होतं, फक्त फुकटात पाचच जणांना आत घेणारं. टीम सहाजणांची.

"माझं नाव नको," सत्यशीला म्हणाली. "मी कृष्णाच्या नावानं लिहीन."

मला कळलं तेव्हा माझं डोकं सटकलं. "अगं येडे, निवडलंस तू आन् बाहेर पण तूच?"

तिनं मला समजावलं. मेंढपाळ हंगामाला घर सोडतात तेव्हा चार-सहा घरांचे कळप एकत्र चालतात. वाटेत बोलणी एकच माणूस करतो, त्याला कारभारी म्हणतात. ज्याच्या रानात कळप बसतो, त्या शेतकऱ्याच्या लेखी सगळी मेंढरं कारभाऱ्याचीच. "म्हणून ती त्याची व्हतात व्हय, ताई? परतल्यावर जो तो आपापली वळकून घेतो. कारभारी कधी नाय म्हणला का?"

मग मीही तो विषय सोडला.

यंदा ती कंपनी पुण्याच्या एका बड्या कंपनीनं घ्यायची ठरवली. सगळ्यांना ठेवणार नव्हते. व्हिडिओ कॉलवर तिकडच्या मॅडम एकेकाचं काम उघडून बघत होत्या. कृष्णाचं उघडलं आणि त्या खूश झाल्या. "काय बारीक नजर आहे तुमची! असल्या चुका आमच्या लोकांनाही सापडत नाहीत."

सत्यशीला त्याच्या शेजारीच बसलेली. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि वाट बघितली.

कृष्णा टेबलाकडं बघत म्हणाला, "थँक्यू, मॅडम."

मग ती स्वतःच बोलली, हे सगळं मी लिहिलंय म्हणून. मॅडमनी ऐकून घेतलं, गोड आवाजात विचारलं, "तसं काही दाखवता येईल का?" दाखवायला काय होतं? काकासाहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले, "आता मोडता घालू नको, बाई. सौदा फिसकटंल."

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढतच स्टेशनजवळच्या टपरीवर नेलं. कृष्णा चहा पीत होता.

"का रे, बहिणीचं गिळलंस?"

"ताई, मी खोटं नाय बोललो. कुणी लिहिलं, असं त्यांनी विचारलंच नाय."

माझा हात उचलला गेला होता. सत्यशीलानं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या, ताई." मग त्याला म्हणाली, "कृष्णा, एवढंच सांग. काल मॅडमसमोर तू मला वळकत व्हतास ना?"

त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि निघून गेला.

आता तो पुण्यात आहे. सत्यशीलाला त्यांनी ठेवलं नाही, ती चिकलठाण्याला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर जाते. फोनमधले शिकायचे व्हिडिओ तिनं पुसून टाकले. मावशी अधूनमधून फोन करते, "तुझ्यामुळं माझ्या लेकाचं भलं झालं गं." ही म्हणते, "व्हय, मावशी." फोन ठेवते आणि भिंतीकडं तोंड करून पडते. मी दारातून बघते. मालकांची कॉलर धरणारी मी, इथं कुणाची कॉलर धरू? साधनानं तर आधीच सांगितलं होतं, पाचच.

म्हणून तुम्हाला सांगते. टीमसाठी फुकटातलं साधन शोधत असाल तर आधी माणसं मोजा, मग साधन बघा. एक जरी माणूस बाहेर राहत असेल तर ते घेऊ नका. आणि तुमच्या नावाखाली दुसऱ्या कुणाची मेहनत पडून असेल, तर कुणी विचारायची वाट बघू नका. आजच, चारचौघांत, मोठ्यानं त्या माणसाचं नाव घ्या.