लेह ते श्रीनगर, फक्त एक तास

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या केशोरी गावातल्या मांडवात नवरदेव, आहेर, जेवणावळ सगळं राहिलं बाजूला... गलका माजला होता तो लेह ते श्रीनगर या विमानाच्या एका तासाच्या वाटेवरून! सत्तावन्न साल असावं. नवरी मीच, अंगाला हळद लागलेली.

माझा मोठा भाऊ, दादा, फौजेत होता. पोस्टिंग लेहला. त्याने पत्रात लिहिलं होतं, सुट्टी मंजूर झाली, लेहहून श्रीनगर विमानाने एक तास, पुढे मोटार आणि रेल्वे, लग्नाला येतोच. त्याच भरवशावर बाबांनी तारीख धरली.

आणि ऐन हळदीच्या दिवशी तार आली... विमान नाही, अडकलो आहे.

आता आमच्याकडे अंतर मोजायचं ते बैलांच्या चालीने. तासाभरात बैलबंडी जाऊन जाऊन कुठं जाणार? फार तर शेजारच्या गावाला. बाबा भडकले, "इमान नाही तं पायी ये म्हना! एका घंट्याचीच तं वाट आहे!" सगळ्या मांडवाने माना डोलावल्या. खरं सांगते, मलाही तेच पटलं.

होमाच्या वेळी नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायचा मान सख्ख्या भावाचा. माझ्या ओंजळीत चुलत भावाने घातल्या... इतका राग आला होता ना दादाचा!

आठ दिवसांनी तो थेट माझ्या सासरी आला, अर्जुनीजवळच्या खेड्यात. मी स्वयंपाकघरातून बाहेरच पडले नाही. ओसरीवर तो सासऱ्यांना सांगत होता, ढग हटल्याशिवाय विमान उडतच नाही, आणि पायी निघालो तर पंधरा दिवस, तेही घाटातला बर्फ वितळला तर. मी आत डोकं धरून बसले... एक तास की पंधरा दिवस? गावं तर तीच दोन! म्हटलं, थापा मारतोय.

चहा पिऊन बिचारा निघून गेला.

मग सासरे दाराशी आले. "सूनबाई, आपल्या तलावावरून बगळा पलीकडं किती वेळात जाते? आन् तुले पाळीनं, काठाकाठानं फिरून जाले किती वेळ लागते?"

आधी काही कळेचना. मग कळलं, दादा खरंच बोलत होता. भाकरी तव्यावर तशीच टाकून मी पळत सुटले... नवी सून, डोक्यावर पदर नाही, भर रस्त्यात "दादा, दादा" म्हणून बोंबलत!

तो वळला. एवढा मोठा फौजी माणूस, तिथंच रडायला लागला. म्हणाला, "बाई, दहा दिवस म्या निस्तं आभाळच पाहून राहिलो होतो."

घरी आल्यावर सासऱ्यांनी पदराबद्दल चकार शब्द काढला नाही. आता सासरे आणि दादा, दोघंही नाहीत... पण माझा दादा त्या दिवशी तसाच परत गेला नाही, हे त्या म्हाताऱ्याचे उपकार.