चौथ्या रिळाचं चंदीगड

तार आली तेव्हा दिनकर दाढी करत होता आणि मी शेंगदाण्याची वडी थापत होते. "माहितीपट निवडला. प्रिंट घेऊन ताबडतोब या. खेळ शनिवारी." खाली चंदीगडच्या एका छोट्या फिल्म सोसायटीचं नाव. त्या दिवशी मंगळवार होता.

दिनकर अर्ध्या दाढीनिशी अंगणात आला आणि त्याने तार शेजारच्यांना वाचून दाखवली. शेजारचे निवृत्त मास्तर. ते रोज दोन पेपर वाचत. "चंदीगडला? आत्ता?" एवढंच म्हणून ते घरात गेले. पंजाबात रोज काही ना काही घडत होतं, लोक बसमधून उतरवून मारले जात होते, आणि ज्यांचे सिनेमे आधी निवडले होते त्यांनी यायला नकार दिला होता. आम्हाला बोलावणं आलं ते त्यामुळे. हे दिनकरलाही कळत होतं, पण लग्नात ऐनवेळी उभ्या केलेल्या नवऱ्यालाही हार हा घालावाच लागतो, असं त्याचं म्हणणं.

आमचा माहितीपट 'शेवटचा उतारू'. दिग्दर्शक आणि कॅमेरामन दिनकर, संकलन आणि ध्वनी मी, म्हणजे त्याची बायको. विषय आमच्या जवळच्या गावचे गणूतात्या. चाळीस वर्षं त्यांनी कृष्णेवर नाव चालवली. स्वतःच्या लेकीला, येसूला, लग्नानंतर सासरी पैलतीरी सोडलं तेही स्वतःच्याच नावेतून. मग पूल झाला, नाव बंद पडली, आणि तात्यांनी पुलावर पाऊल ठेवायचं नाही असं ठरवलं. "जिच्या अंगाखांद्यावर जलम काढला तिच्या डोक्यावरनं चालत जायाचं व्हय?" असं ते म्हणत. येसू यायची अधूनमधून, पण तात्या दोन वर्षांत तिच्या दारी गेले नव्हते.

शेवटच्या रिळात तात्या पुलाच्या तोंडाशी जातात, वहाणा काढतात, उभे राहतात आणि परत फिरतात. त्या शेवटावरून आमच्या घरात महिनाभर भांडण झालं होतं. मला वाटत होतं, येसूच्या दाराची एक तरी चौकट दाखवू, आशेला जागा ठेवू. दिनकर म्हणाला, "माहितीपटात खोटं चालत नाही. सत्य म्हणजे सत्य." सत्य जिंकलं आणि मी दोन दिवस बोलले नाही. तीन महोत्सवांनी ते सत्य साभार परतही पाठवलं होतं.

तात्यांनी चित्रीकरणाला एकच अट घातली होती. "दावा लोकास्नी. पर लोकं काय म्हनली ते मला येऊन सांगायचं." अजून कुणालाच दाखवला नव्हता, म्हणून सांगायला काही नव्हतं. सहा महिने आम्ही त्यांच्या घरावरून जाताना सायकल जोरात मारत होतो. चंदीगडला जाण्याचं खरं कारण हे.

आता वडीबद्दल. माझी शाळेतली मैत्रीण नलिनी चंदीगडला असते. तिचा नवरा तिथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत डॉक्टर. उतरायचं तिच्याकडेच, मग हात हलवत कसं जायचं? फिल्मचा रिकामा डबा गोल, सपाट आणि बोटभर खोल असतो. वड्या थापायला याच्याइतकं चांगलं भांडं मी पाहिलेलं नाही. आमच्या घरात निम्मे डबे फिल्मचे आणि निम्मे फराळाचे, आणि सगळ्यांच्या झाकणांवर जुनी लेबलं. चौथ्या रिळात एक जोड सुटत होता म्हणून ते मी टेबलावर घेतलं होतं, आणि त्याच्याच रिकाम्या डब्यात वड्या थापल्या होत्या. दिनकरने स्वयंपाकघरातून एक डबा उचलून पिशवीत भरताना मी पाहिलं आणि समजले, वड्या घेतल्या. त्याने झाकणावर 'शे.उ. – ४' वाचलं आणि समजला, रीळ घेतलं. दोघंही आपापल्या परीने बरोबर होतो.

मिरजेहून दिल्लीपर्यंतचा प्रवास दोन रात्री आणि एक भांडण एवढ्यात संपला. दिल्लीहून बस सकाळचीच घ्यायची, अंधार पडायच्या आत पोचायचं, असं नलिनीने बजावलं होतं. बसमध्ये निम्म्या जागा रिकाम्या. पानिपत आलं तेव्हा मी मराठी माणसाच्या कर्तव्याला जागून खिडकीतून बाहेर पाहिलं. टायरची दुकानं आणि लोणच्याच्या बरण्या दिसल्या. पुढे दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेतं लागली, नजर पोचेल तिथपर्यंत. इतकं सुंदर काही दिसत असताना बसमध्ये कुणी बोलत नव्हतं. रस्त्यात कुणी हात केला की सगळ्यांच्या माना ताठ व्हायच्या, आणि ड्रायव्हर गाडी न थांबवता पुढे काढायचा.

अंबाल्याच्या पुढे नाका लागला. वाळूची पोती, बंदुका, आणि एक जाडजूड मिशीवाला हवालदार. सगळ्यांना खाली उतरवलं. आमच्या पिशवीतून चार गोल पत्र्याचे डबे निघाल्यावर बाकीचे प्रवासी आपोआप वीस पावलं मागे सरकले.

"ये क्या है?"

"फिलम," दिनकर म्हणाला. "हम निर्माता-दिग्दर्शक है. बाँब नहीं है."

तो शब्द त्याने उच्चारायला नको होता. दोन बंदुका आमच्याकडे वळल्या.

"खोल. तू खोल. आराम नाल." (म्हणजे सावकाश.)

दिनकरने पहिला डबा उघडला, फिल्म उजेडात धरून दाखवली. हवालदाराने छोट्या छोट्या चौकटींतले तात्या पाहिले. "ए बुड्ढा कौण ऐ?" दिनकरला आवेश चढला. त्याने पुलाची कथा सांगितली, दुसरा डबा उघडला, तिसरा उघडला. "और ये चौथा," तो म्हणाला, "इस में अंत है. सब से महत्त्वपूर्ण."

झाकण निघालं. आत एकसारख्या शंकरपाळी आकारात कापलेल्या वड्या होत्या. वर मी हौसेने खोबरं भुरभुरलं होतं.

त्या क्षणी दिनकरच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्नाच्या अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"ओ जी, ए ते गजक ऐ!" हवालदार म्हणाला. (गजक म्हणजे तिकडची तीळ किंवा शेंगदाण्याची वडी.) मग त्याचे डोळे बारीक झाले. "तीन में फिलम, चौथे में गजक? क्यों?"

हवालदाराने विचार केला आणि फर्मावलं, "पहले तू खा."

दिनकरने वडी तोंडात घातली. समोर बंदूक, चौथं रीळ सांगलीला घरच्या टेबलावर, आणि शनिवार उद्यावर. तो चावत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"रोंदा क्यूँ ऐ?" हवालदार घाबरून मागे सरला. "जहर ऐ?"

"नाही हो," मी पुढे झाले. "अच्छी है. मैंने बनायी. गलती से आ गयी." मी स्वतः दोन खाल्ल्या, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने एक चाखली, साथीदारांना बोलावलं, आणि बस सुटली तेव्हा चौथ्या रिळाचा एक चतुर्थांश भाग नाक्यावर राहिला होता.

चंदीगडला पोचलो. रस्ते असे सरळ की पट्टीने आखल्यासारखे, झाडं ओळीत, आणि दर चौकात गोल बाग. सायकलरिक्षावाल्याने सांगितलं की इथे सेक्टर बारा आहे, चौदा आहे, पण तेरा नाही. शहर बांधताना तो आकडा अशुभ म्हणून गाळला म्हणे. "चौथा पण गाळायला हवा होता," दिनकर म्हणाला. नाक्यानंतरचं ते त्याचं पहिलं वाक्य. एरवी इतकं देखणं शहर, पण पाच वाजताच दुकानांची शटरं खाली येत होती आणि माणसं घड्याळं बघत घरी पळत होती.

नलिनीने दारातच मिठी मारली. "अगं, आलीस एकदाची! भावोजी, चेहरा असा का?" तिची आठ वर्षांची केतकी मराठी सगळं समजायची आणि हिंदीत उत्तर द्यायची. मी घडलेलं सांगितलं. केतकी म्हणाली, "मतलब पिक्चर का एंड हम खा सकते हैं?" नलिनी हसून हसून खाली बसली. दिनकर गॅलरीत जाऊन उभा राहिला. ट्रंक कॉल लावून उपयोग नव्हता, रीळ पंख लावूनसुद्धा वेळेत पोचलं नसतं. रात्री राजमा-भात समोर ठेवून तो मला म्हणाला, "परत जाऊन तात्यांना काय सांगायचं? की लोकांनी तुम्हाला पाऊण बघितलं?" तेव्हा मात्र मलाही रडू आलं.

खेळ दुपारी दोनला, म्हणजे सगळ्यांना उजेडात घरी जाता यावं. प्रोजेक्टर चालवणारे गुरबचनसिंग म्हणून साठीचे सरदारजी होते, आकाशी पगडी, कानात कापूस. तीन डबे बघून त्यांनी विचारलं, "चौथा?" मी वड्यांचा डबा पुढे केला. त्यांनी आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "एह मेरी मशीन विच नहीं चलणी, बीबी जी."

प्रेक्षक एकोणीस. त्यांतले दोन बंदूकधारी शिपाई, तेही खुर्चीवर बसून बघत होते. तीन रिळं चालली. लेकीला नावेतून सासरी सोडल्याचं तात्या सांगत होते तेव्हा एक म्हातारी बाई पदर डोळ्याला लावून होती. मग पडदा पांढरा झाला, दिवे लागले, आणि दिनकर स्टेजवर गेला.

त्याचं हिंदी मिरजेच्या स्टेशनापुरतंच. "भाइयो और बहनो, चौथा रीळ घर पे भूल गया. मैं बताता है." असं म्हणून त्याने बूट काढले. तात्या कसे कमरेवर हात ठेवून चालतात तसा चालला. पुलाच्या तोंडाशी थांबला. वहाणा काढल्यासारखं केलं. पलीकडे पाहिलं. आता परत फिरायचं होतं, सत्य म्हणजे सत्य.

तो फिरणार एवढ्यात प्रोजेक्टरच्या झरोक्यातून आवाज आला. "फेर? धी नूं मिलेया कि नहीं?" (मग? लेकीला भेटला की नाही?)

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. झरोक्यात आकाशी पगडी दिसत होती. गुरबचनसिंग जरा ओशाळले, मग हिंदीत म्हणाले, "मेरी बेटी तरनतारन की तरफ ब्याही है जी. डेढ़ साल हो गया. रास्ता ठीक नहीं, इस लिए पूछा."

दिनकरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली की नाही, मला आठवत नाही.

"मिले," दिनकर म्हणाला. "पुल से गये. बेटी को मिले." आणि तो अनवाणी, कमरेवर हात ठेवून, स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. एकोणीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. शिपायांनी बंदुका मांडीवर ठेवून वाजवल्या.

मग वड्या वाटल्या. गुरबचनसिंगांनी एक खाल्ली आणि एक रुमालात बांधली. "एह मैं अपनी कुड़ी लई रक्खांगा," ते म्हणाले. (ही माझ्या लेकीसाठी ठेवतो.) ती कधी द्यायला मिळेल, हे आम्ही विचारलं नाही. त्यांनी पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, "चौथा रीळ बन जाए ते मैनूं वी दस्सणा." (चौथं रीळ तयार झालं की मलाही कळवा.) बस निघेपर्यंत मी दिनकरला एकदाही चिडवलं नाही. परतीच्या नाक्यावर तोच हवालदार होता. त्याने तीन डबे न उघडताच बाजूला केले आणि चौथा रिकामा बघून नाराज झाला.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सायकली काढल्या आणि तात्यांच्या दारात उतरलो. तात्या जाळं विणत बसले होते.

"दावलं?"

"दाखवलं, तात्या."

"काय म्हनली मानसं?"

दिनकरने सगळं सांगितलं, नाका, वड्या, एकोणीस माणसं. तात्या हसले. मग सरदारजींचा प्रश्न आला.

"मग तुमी काय सांगितलं?"

दिनकर खाली बघत म्हणाला, "गेलात म्हणून सांगितलं. चुकलं माझं."

तात्यांनी जाळ्याची गाठ मारली. "त्या सरदाराला जाता येत न्हाई?"

"नाही. रस्ता बरा नाही."

"आन् आमचा डांबरी," तात्या म्हणाले आणि उठले.

आम्ही मागोमाग गेलो. पुलाच्या तोंडाशी त्यांनी वहाणा काढल्या, खाली वाकून पाण्याला नमस्कार केला, वहाणा काखेत मारल्या आणि चालू लागले. दिनकरने सवयीने बरोबर घेतलेला कॅमेरा डोळ्याला लावला होता. आत फिल्म नव्हती. तरी त्याने तो खाली घेतला नाही.

पलीकडे पोचल्यावर तात्यांनी वळून हाताचा कर्णा केला. "त्या सरदारास्नी कळवा!"

संध्याकाळी आम्ही कार्ड लिहिलं. दिनकरने मोडक्या हिंदीत एवढंच लिहिलं, "तात्या बेटी को मिले. इस बार सच में."