निखतफुफीचा आवाज

माझी निखतफुफी, म्हणजे आत्या, दौंडात ब्लाउज शिवायची आणि शिवताना गायची. ९६ साली तो गळा ऐकून ऑर्केस्ट्रावाले मारुतराव थेट दुकानात शिरले. बोलताना ते दर वाक्याला घसा खाकरायचे. "ताई, यंदा जत्रांना डिस्को जोडी काढतोय, ख्रर्र. रीटा आन् रिको. डायरेक युरोपची, ख्रर्र."

युरोप म्हणजे शिरूर. रिको म्हणजे त्यांचा भाचा स्वराज आणि रीटा त्याची बायको अनुपमा. पिवळ्या केसांचे टोप, चंदेरी कपडे, नाच एक नंबर. पण तोंड उघडलं की एसटीचा ब्रेक लागायचा! म्हणून फुफी पडद्यामागं माइक धरणार आणि ते दोघं पुढं ओठ हलवणार. रीटाचा बारीक आवाज फुफीचा, रिकोचा जाडाही तिचाच. गाण्याचे बोलसुद्धा तिनंच केले. बाही, कटोरी, अस्तर, पायपिंग हे शिवणकामाचे शब्द ती जीभ अशी वळवून म्हणायची की अख्खी जत्रा युरोपात.

तिची अट एकच होती. "कॅसेट निघाली की तिच्यावर नाव माझं."

"मोठ्या अक्षरात, ख्रर्र."

पुढच्या वर्षी कॅसेट आली. वर दोन पिवळे टोप आणि खाली 'गायक : रीटा-रिको'. फुफी जाब विचारायला गेली, तर अनुपमा मान वेळावत म्हणाली, "अय्या, टेपरेकॉर्डरचं नाव कुणी छापतं का हो?"

फुफी नुसती हसली. हातात ब्लेड घेऊन शिलाई उसवताना ती हसते ना, तसं.

पुढची जत्रा कारेगावची होती. तिथले हौसरावआबा जत्रेचे प्रमुख. आलेल्या पाहुण्याचा सत्कार केल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. दोन दिवस आधी फुफी त्यांच्या बायकोचं, सरूबाईंचं, ब्लाउज द्यायच्या निमित्तानं त्यांच्या घरी गेली.

"आबा, परदेशी पाहुणे येणार. सत्कार करणार ना?"

"म्हंजी काय! नारळ, फेटा, पेढा. सगळं हाय."

"मग ऐन गाण्यात करा. त्यांच्यात तोच मोठा मान. गाणं मात्र थांबू द्यायचं नाही."

झालं. दुसरं गाणं रंगात आलं आणि आबा कमिटीसकट स्टेजवर चढले. स्वराजच्या डोक्यावर, टोपावरच, फेटा बसवला. तो ओठ हलवता हलवता 'नको नको' करत होता.

"लाजू नका पाव्हणं, आ करा!"

आबांनी दोघांच्या तोंडात लिंबाएवढा एकेक पेढा कोंबला. गाल टम्म. आणि स्पीकरवर बारीक आवाज चालू, जाडाही चालू!

"आबा, रिको पोटातनं गातोय का काय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात फुफीनं युरोप सोडला. त्याच चालीवर स्वच्छ मराठीत गायली, "मी निखत, दौंडची! बाईचा गळा माझा, बाप्याचा बी माझाच!"

मारुतराव वायर उपटायला धावले.

"हात लावू नका!" आबा गरजले. त्यांनी रागानं स्वराजचा फेटा ओढला, त्याबरोबर टोपही आला. "आमच्या गावाला फसवता व्हय? कुणाचा गळा हाय त्यो? घ्या नाव!"

"निखतताई, ख्रर्र."

पडद्यामागून फुफी म्हणाली, "ऐकू नाही आलं."

"निखत शेख, ख्रर्र."

"गावासकट. जोरात."

"निखत शेख, दौंड!"

या खेपेला घसा खाकरायचं राहून गेलं. मग पडदा बाजूला झाला, फुफी पुढं आली आणि पेढा चघळणाऱ्या अनुपमाच्या हातात तिनं ती कॅसेट ठेवली. "घे. आता तूच वाजव."

रीटा-रिको त्यानंतर कुठल्याच जत्रेत दिसले नाहीत.