अभिमनचे बूट अन् वायरमनचं लायसन

लिही मोनू. जसं बोलते तसंच लिही, सुधरवू नको.

तुझा बाप अभिमन वीस वर्सांपासून बोदवडच्या आजूबाजूले लाइटीचं काम करतो. मोटर जळली, घराची फिटिंग कराची, का लोक म्हनत, "अभिमनभाऊले बोलवा." पन कागदावर त्याचं नाव कुठंच नाई. काम त्याचं, सही लायसनवाल्या रुपचंदनानाची. नाना वारले अन् सगळं अडलं. लायसनवाल्याच्या सहीबिगर नवं मीटर भेटत नाई. लोक दुसऱ्याकडं जायले लागले.

लायसनच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला. तिसऱ्या टायमाले म्हने, "माय, आता नाई झालं तं सुरतले जातो, गिरनीत." तू तवा चौथीत. तिकडं गेला असता तं वर्साले एकदा तोंड दाखवलं असतं. म्हनलं, मी येते संग परीक्षेले.

परीक्षा धुळ्याले, आयटीआयत. रस्त्यात त्याले ज्वारी-उडदाची, कळन्याची भाकर देल्ली, तं तशीच हातात धरून बसला. ओठ नुसते हालत व्हते. कोनती तार कुठं जाते, तेच चालू.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. कोनाच्या घरात चपला घालून जाऊ नाई, हे त्याले मीच शिकवेल. लहानपनी एकदा पायावर लाटनंच मारलं व्हतं. म्हनून तो कामाले गेला का चपला बाहेर काढे अन् घरवालीले म्हने, "वहिनी, बसाचा पाट द्या." करंट लागू नाई म्हनून त्या लाकडाच्या पाटावर उभं राहून काम करे. लोक चिडवत, "काय अभिमनभाऊ, अंतरपाट धरू का?"

तं त्या परीक्षेच्या खोलीत भिंतीले औजारं लावेल, वर गनपतीचा फोटो, फोटोले हार. यानं परीक्षेसाठी घालेल बूट दाराशी काढले अन् गेला आत. मी बाहेर ओट्यावर, बुटाजवळ बसली. तेवढ्यात शिपाई आला, धुळ्याकडचाच. म्हने, "आजी, आठे नको बठू. तठे झाडखाल बठ."

मले वाटलं, बूट चोरीले जातीन. पिशवीत घातले अन् लिंबाखाली जाऊन बसली.

आत काय झालं ते त्यानं मंग सांगलं. साहेबानं जिन्याचा बल्ब जोडाले देल्ला व्हता, दोन बटनांचा. यानं तारा बराबर जोडल्या. चालू कराच्या टायमाले पायाखाली पाहे तं फरशी. सवयीनं म्हने, "साहेब, पाट आहे का?"

पोरं हासले. एक म्हने, "काका, नवरी कुठं आहे?"

साहेब हासला नाई. "बूट कुठं आहेत तुमचे?"

"दाराशी, साहेब."

"अनवाणी करंटला हात लावता? सकाळी दोघांना यासाठीच घरी पाठवलं मी."

अभिमन म्हने, "हात लावला नाई, साहेब. टाइम संपला तरी चालीन, पन असा चालू करनार नाई. बूट घालून येतो."

"सहा मिनिटं उरलीत."

दाराशी आला तं बूट नाई.

मी लिंबाखालून पाह्यलं. उघड्या पायानं दारात उभा, इकडं पाहे, तिकडं पाहे. तवा माह्या डोक्यात उजेड पडला. पिशवी घेऊन धावली ना मी! गुडघे गेले खड्ड्यात. एक चप्पल तिथंच राह्यली.

"माय, बूट!"

"घे रे बाप्पा, घे!"

घाईघाईत त्याले नाडीच बांधता येईना. मी खाली बसून दोन्ही नाड्या बांधल्या. चाळीस वर्सांचा घोडा तो, अन् शिपाई पाहून राह्यला.

तो आत गेला. मी खिडकीतून पाह्यलं. बल्ब लागला. इझला. दुसऱ्या बटनानं पुन्हा लागला. साहेबानं कागदावर काय लिव्हलं, ते मले कसं समजीन?

अडीच महिने रोज पोस्टमनची सायकल पाह्यली. तुझ्या बापानं सुरतची पिशवीबी भरून ठेवेल व्हती, खाटेखाली. मी ते पाहून न पाह्यल्यासारखं करे.

लायसन आलं तवा पयलं काम आपल्याच घरचं काढलं, देव्हाऱ्याजवळचं जुनं बोर्ड. औजारं घेऊन आला, पायात बूट, अन् उंबऱ्याबाहेरच उभा राह्यला. माह्याकडं पाहे.

मी पाट आनाले उठली नाई. म्हनलं, "ये आत. बूट पुसून ये."