काटकसरीतला माझा पहिला नंबर

सन दोन हजार तेवीस. कोजागिरी होऊन चार दिवस झाले होते. यार्डात सोयाबीनचे ढीग लागले होते आणि सकाळी जरा गार लागायला लागलं होतं. त्या दिवशी मार्टिन माझ्या दारात उभा राहिला, आणि पुढचे सहा महिने आमच्या बैठकीला दुसरा विषय उरला नाही!

मी मार्केट यार्डात एकतीस वर्षं मापाडी होतो. शिक्षण चौथी. माप करताना चार-चार दाणे सांडतात, कुणाचं लक्ष नसतं. संध्याकाळी झाडलं की पायलीभर निघतात. किश्शांचंही तसंच. मार्टिनचे किस्से मी गोळा केले नाहीत. ते साठले.

आधी माझं सांगतो. नवीन जालन्यात स्टेशनजवळ बबनचं हॉटेल आहे. तिथं आम्हा म्हाताऱ्यांची रोज सकाळी बैठक. त्या बैठकीत काटकसरीला माझा नंबर पहिला होता. एक चप्पल नऊ वर्षं. एक चहा दोघांत. "पैसा कसा राखायचा ते तुळशीरामभाऊंना इचारा," असं लोक बोलायचे. दुसरी कुठली पदवी मला मिळाली नाही. ही एक होती.

*

मार्टिन स्लोव्हेनियाचा. वय चौसष्ट. तिकडं बेकरीत कामगार होता. पेन्शन एवढी की तिकडं खोलीभाड्यातच संपते, इकडं त्यात महिना निघतो. वेरूळ बघायला निघाला होता. गाडीत झोप लागली, संभाजीनगर मागं गेलं आणि तो जालन्याला उतरला. उतरला तो राहिलाच.

माझी वरची खोली रिकामी होती. मी तीन हजार सांगितले. परदेशी आहे, देईल! त्याने घासाघीस केली नाही. नुसतं छताकडं बघितलं. जिथं गळतं, बरोबर तिथं. मग भिंतीवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला चुना मला दाखवला. पाच मिनिटं एक शब्द नाही.

शेवटी मीच म्हणालो, "बरं, दोन हजार."

आतून बायको म्हणाली, "एकतीस साल यार्डात काय केलं हो तुम्ही?"

*

परदेशी भाडेकरू ठेवला की पोलिसांना कळवावं लागतं. मी त्याला घेऊन गेलो. साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि सहज विचारलं, "महिन्याला खर्चा किती होतो याचा?"

मी बोटांनी पैशाची खूण केली, तसा मार्टिनने खिशातून हिशोबाचा कागद काढून दिला. साहेबांनी दोनदा वाचला. मग हवालदाराच्या पुढं धरला. "बघा! एवढं तर तुमचं निस्तं पेट्रोल हाय."

सगळे हसले. मार्टिनला चहा आला.

माझ्याही खिशात कागद होता. मला कुणी विचारलं नाही!

*

बाजार उठताना भाजी घ्यायची, ही माझी पद्धत. तीस वर्षांची. मार्टिनने ती आठ दिवसांत उचलली. मराठीतला त्याचा पहिला शब्दही बाजारातलाच. काही दिसलं की विचारायचा, "खर्चा किती?"

एका संध्याकाळी उरलेल्या वांग्यांच्या एकाच ढिगावर आमच्या दोघांचे हात पडले. भाजीवाल्या कौसाबाईने मला वीस रुपये सांगितले, त्याला दहा.

"का गं, कौसा?"

"भाऊ, तुमचं घरदार हाय इथं. त्याचं कोन हाय बिचाऱ्याचं?"

बिचारा! बिचाऱ्याने खाली बसून मोठी मोठी वांगी निवडून घेतली. वर तिने त्याच्या पिशवीत कोथिंबीर टाकली, फुकट. मला तीस वर्षांत तिची काडी मिळाली नाही.

पोटात दुखलं. वांगी खायच्या आधीच.

*

मार्टिन बैठकीला यायचा, पण चहा घ्यायचा नाही. घरून गरम पाणी पिऊन यायचा. बाकड्यावर बसायचा आणि पेपरातले फोटो बघायचा. बबनला त्याचं काही वाटत नव्हतं. गोरा माणूस बाकड्यावर दिसला की गिऱ्हाईक वाढतं म्हणे.

आमच्या बैठकीत शेख चाचा आहेत. घड्याळं दुरुस्त करतात, जीभ धारेची. ते एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊ, तुमचा आधा कप बी आता जास्त झाला. गेला रेकॉर्ड!"

मी दुसऱ्या दिवसापासून चहा सोडला. रोज यायचो, ताठ बसायचो. डोकं फुटायची वेळ आली. अकराव्या दिवशी बबनने न मागता भरलेला कप पुढं ठेवला.

"घ्या भाऊ. डोकेदुखीच्या गोळीपेक्षा स्वस्त पडतो."

घेतला. पूर्ण घेतला.

*

मार्टिन स्वतःची पँट स्वतः शिवायचा. जिन्यात बसून, बारीक टाका. बायको बघून आली आणि म्हणाली, "शिका जरा. तुम्हाला बटन लावता येईना."

मी सुई-दोरा मागून घेतला. शर्ट मांडीवर घेतला आणि तासभर खपून छातीवरचं बटन लावलं. ओढून बघितलं. बैलाने ओढलं तरी निघणार नाही, असं बसलं होतं.

सकाळी हॉटेलात पैसे काढायला गेलो तर खिशात हात जाईना. बटनाबरोबर खिसाही शिवला होता!

चाचा म्हणाले, "वा भाऊ! हा नवा रेकॉर्ड."

*

वडीगोद्रीला पुतण्याचं लग्न होतं. मार्टिन आला. लग्नात जेवण असतं, हे त्याला कळलं होतं.

आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला टॉवेल-टोपी देतात. माइकवाल्याने पहिलं नाव पुकारलं ते परदेशी पाहुण्याचं. मी सख्खा चुलता. माझ्यापर्यंत येईतो टोप्या संपल्या. मला नुसता टॉवेल! मार्टिन टोपी घालून मांडवभर फिरला, लोकांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. दोन फोटोंत मी आहे. खांदा.

दुसऱ्या दिवशी बघतो तर हा त्या टॉवेलने अंग पुसतोय. मानाचा टॉवेल, आणि आंघोळीला! माझ्याकडे असे बावीस आहेत, ट्रंकेत, घडी न मोडता. मी ते बायकोला सांगितलं.

ती म्हणाली, "तो वापरून राह्यला म्हणून त्याचा पैसा वाचला. तुम्ही बावीस कोंडून ठिवले अन् दर साली नवा इकत आणता."



*

एप्रिल आला. मार्टिनच्या व्हिशावर एका वेळी सहाच महिने राहता येतं, मग देशाबाहेर जावं लागतं. त्याचं तिकीट निघालं होतं. मला वाटलं, सुटलो.

त्याच आठवड्यात बायको तीर्थपुरीला लेकीकडं गेल्ती आणि मला ताप चढला. मी कुणाला कळवलं नाही. मी कुणाचं घेत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्टिन खाली आला. हातात डबा. आत खिचडी, काठोकाठ. मीठ कमी, तिखट नाही, पण गरम होती. मला दोन दिवस पुरली. नाही म्हणायला अंगात ताकद नव्हती.

ताप उतरला. डबा घासून ठेवला. मार्टिनकडे तेवढा एकच डबा होता, त्यातच जेवायचा. आता कढईतून खायला लागला. पण आपल्यात रिकामा डबा परत करत नाहीत.

बैठकीत कळलंच. चाचा म्हणाले, "चुटकीभर शक्कर टाका अन् देऊन टाका. बात खतम!"

"खिचडी आल्ती," मी म्हणालो. "साखर कशी जाईल? जेवढं आलं तेवढं गेलं पायजे. मी मापाडी हाय."

"मंग करा खिचडी."

"करतो."

मार्टिनला जायला तीन दिवस राहिले होते. मी जन्मात गॅस पेटवला नव्हता. पहिल्या दिवशी जळली, शेजारच्या शेळीनेही तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी डाळ कच्ची आणि तांदळाचं पाणी. दोन्ही वेळा फेकली. माझ्या हातून अन्न फेकलं गेलं! दुकानात तिसऱ्यांदा डाळ घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "भाऊ, लगीन हाय का घरी?"

तिसऱ्या सकाळी जमली. डबा काठोकाठ भरला, हाताने सारखा केला, झाकण लावलं. तोवर मार्टिन रिक्षात बसून गेल्ता.

मी चालत स्टेशनवर गेलो. पाहुण्यांना मी कायम गेटवरूनच निरोप देतो. त्या दिवशी प्लॅटफॉर्म तिकीट काढलं. जन्मात पहिलं.

मुंबईची गाडी लागलेली होती. मार्टिन खिडकीत होता, डोक्यावर लग्नातली टोपी. मी दारातून चढलो आणि डबा त्याच्या हातात दिला. त्याने झाकण उघडलं. वाफ आली. 

"भाऊ," तो म्हणाला, "खर्चा किती?"

"मोजला न्हाई."

मी खाली उतरलो. गाडी हलली. भरलेला डबा त्याच्या मांडीवर होता.